तपासणीनंतर

"पेशंटचं नाव?" फोनवरच्या मुलीनं विचारलं, आणि बाईंना एकदम काही सुचेचना. एकतीस वर्षं हा प्रश्न त्यांनी लोकांना विचारला होता, दिवसातून साठ-सत्तर वेळा, मान वर न करता, पेन कागदाला टेकवून. समोरचा माणूस आपलंच नाव सांगताना अडखळला की त्यांना मनातल्या मनात हसू यायचं, की अरे बाबा, नाव तुझंच आहे ना, मग आठवायला काय झालं? आणि आता त्या स्वतःच एका हातात फोन नि दुसऱ्या हातात ओटा पुसायचं फडकं घेऊन मूग गिळून उभ्या होत्या, टेबलाखालच्या राखाडी गोळ्याकडं बघत. "शिक्का," त्या शेवटी म्हणाल्या. "काय म्हणालात?" "शिक्का हो. ससा आहे तो." मुलीनं बिनतक्रार लिहून घेतलं असावं, कारण लगेच पुढचं आलं. वय? दोन वर्षं. वजन? घरच्या काट्यावर पावणेदोन किलो. याआधी कुठं दाखवलंय? "नाही," बाई म्हणाल्या, आणि ते 'नाही' तोंडातून बाहेर पडताना त्यांना गृहपाठ न करता वर्गात आलेल्या पोरीसारखं वाटलं. "पहिलीच वेळ आहे." मग मुलीनं शनिवारची दहाची वेळ दिली आणि विचारलं, की अजून काही विचारायचंय का. बाईंनी क्षणभर विचार केला. विचारण्यासारखं काय होतं? उलट फोनवर शंभर शंका काढणाऱ्या माणसांचा त्यांना मनस्वी कंटाळा. "नाही, मला सगळं माहितीय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला.

आता माहिती असणारच, कारण त्यांचं आयुष्यच त्यात गेलेलं. चौकापासून तिसऱ्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्यांची रक्त तपासायची जागा होती, तिथल्या बाहेरच्या खोलीत, हाताला फळी असलेल्या खुर्चीशेजारी त्या बसायच्या. लोक त्यांना सुईबाई म्हणत. खुद्द डॉक्टरांचं नाव आजूबाजूच्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं, पण सुईबाई म्हटलं की लहान पोरसुद्धा दंड लपवायचं. खरं तर त्यांची सुई टोचलेली कळायची नाही. शीर कितीही चोरटी असो, त्यांच्या बोटाखाली गुमान वर यायची. कळायची ती त्यांची जीभ. "उद्या सकाळी उपाशीपोटी यायचं. रात्री नऊनंतर काही नाही. पाणी चालेल." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं, की ताप आला तर त्या बरळताना तेच म्हणतील, असं त्यांचे यजमान म्हणत. आणि लोक तरी काय एकेक! चहा चालेल का? नाही. बिनसाखरेचा? नाही. मग निदान एक बिस्कीट? "तुमच्या रक्ताला बिस्कीट कळतं हो," बाई म्हणायच्या, "तुम्हाला नाही कळत." मात्र त्याच बाईंच्या खणात बिस्किटांचे पुडे असायचे. सुई निघाली, कापूस दाबला, की न बोलता एक बिस्कीट समोरच्याच्या हातावर ठेवायचं, अशी त्यांची पद्धत. ही पद्धत अलीकडची, नऊ वर्षांतली. त्याआधी खणात फक्त कापूस आणि चिकटपट्ट्या असत.

शिक्का त्यांचा नव्हता, त्यांच्या मुलीचा होता. कपाळावर दोन कानांच्या मधोमध काळा गोल डाग, कुणीतरी कचेरीतला रबरी शिक्का दाणकन मारावा तसा, म्हणून ते नाव. मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि राहत्या जागेच्या मालकिणीनं जनावर चालणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा ती त्याला इथं सोडून गेली, "आई, दोनच महिने हं," असं म्हणून. त्याला आता आठ महिने होत आले. बाईंना प्राण्यांचं वेड कधी नव्हतं. पण संध्याकाळी कामावरून आलं, पाय वर घेऊन बसलं, की हा टेबलाखालून निघायचा, तीन उड्या, थांबायचं, परत दोन उड्या, आणि त्यांच्या मांडीशी येऊन हनुवटी टेकायचा. मग त्या त्याच्या डागावरून अंगठा फिरवायच्या आणि तो डोळे अर्धे मिटून दात वाजवायचा. कर कर कर, अगदी बारीक. पहिल्यांदा बाईंना त्याची मजा वाटली होती. मग दोन आठवड्यांपूर्वी, पगार झाल्याच्या दिवशी, अशाच बसलेल्या असताना त्यांच्या मनात आलं, की हा दात का वाजवतो? माणूस दात कधी खातो? पोटात जंत झाले की, नाहीतर दुखणं सोसवेना झालं की. झालं! त्या रात्रीपासून बाईंना तो आवाज ऐकवेना. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तुम्ही दोघांनी त्याला एकदाही डॉक्टरांकडं नेलं नाहीये? आठ महिन्यांत?" आणि तिनंच प्राण्यांच्या दवाखान्याचा तो नंबर पाठवला.

भीती कसली, ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. ससा मरेल याची भीती होतीच, ती कुणालाही असते. पण त्याहून मोठी भीती होती ती एका वाक्याची. तपासणारा माणूस हात थांबवतो, चष्म्यावरून बघतो आणि म्हणतो, "अहो, आधी का नाही आणलंत?" या वाक्यानंतर माणसाचा चेहरा कसा होतो, ते बाईंनी आतल्या खोलीच्या दारातून कितीदा पाहिलं होतं. एकदम सुटलेला, रिकाम्या पिशवीसारखा. मुलीचं जनावर, विश्वासानं ठेवून गेलेलं, आणि आपण, सगळं आयुष्य दुखण्यांच्या दारात बसलेली बाई, मांडीवर त्याचं दुखणं घेऊन आठ महिने त्याला कुरवाळत बसलो, असं निघालं तर? म्हणून मग त्यांनी तयारीचा धडाका लावला. हातात काम असलं की मन गप्प बसतं, हा त्यांचा जुना अनुभव.

यजमान छापखान्यात पुस्तकबांधणीच्या कामाला होते, आता निवृत्त. पण घरात खळीचा वास अजून होता आणि पुठ्ठ्याचा तुकडा फेकायला त्यांचा जीव व्हायचा नाही. त्यांनी शिक्क्यासाठी प्रवासाची पेटी केली. दुहेरी पुठ्ठा, कडांना कापडी पट्टी, वर झाकण, आणि दोन्ही बाजूंना दाभणानं पाडलेली भोकं, एका ओळीत, पट्टीनं मोजून. "अहो, त्याला श्वास घ्यायचाय, पारायण करायचं नाहीये," बाई म्हणाल्या. "असू दे गं, नीट काम करायला काय जातंय," असं म्हणत त्यांनी आणखी एक ओळ पाडली. बुधवारपासून बाईंनी तालीम सुरू केली. पेटी जमिनीवर, आत जुना टॉवेल, त्यावर मुलीचा जुना सुती सदरा, वासासाठी. शिक्का पहिल्या दिवशी लांबूनच नाक हलवून गेला, दुसऱ्या दिवशी कापडी पट्टीचं एक टोक कुरतडून गेला, आणि तिसऱ्या दिवशी आत जाऊन असा पसरला, की आता त्याला बाहेर काढायची तालीम घ्यायची वेळ आली. मग त्याला धरायची तालीम. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. हजारो माणसांच्या शिरा धरलेले बाईंचे हात, पण या एवढ्याशा जिवाच्या छातीला तळवा लावला की आत जे काही धडधडायचं, त्यानं त्या पटकन हात मागे घ्यायच्या. नाडी मोजायला घेतली तर मोजताच येईना, आकडा तोंडात येईस्तोवर चार ठोके पुढं गेलेले. बाई उजेडासमोर त्याला धरून बसल्या तेव्हा त्याच्या कानातून ऊन आरपार आलं आणि मधोमध एक शीर दिसली, सरळ, ठसठशीत, लालसर निळी. काय सुरेख शीर! अशी शीर माणसाला असती तर त्यांचं निम्मं काम वाचलं असतं. आणि मग लगेच त्यांच्या मनात आलं, की शनिवारी डॉक्टर याचं रक्त काढणार. रक्त काढणार म्हणजे काय, ते सांगायला नकोच.

इथं बाईंच्या डोक्यात जे झालं ते इतकं सहज झालं, की त्यांना त्यात काही झालं असं वाटलंसुद्धा नाही. दवाखान्यातल्या त्या फोनवरच्या मुलीनं न्यायच्या वस्तूंची यादी पाठवली होती. टॉवेल, सकाळच्या लेंड्यांचा नमुना, त्याचं नेहमीचं गवत. गवताचं वाचून बाईंनी समजून मान हलवली. बरोबर आहे, आम्हीही सांगतो लोकांना, बिस्कीट सोबत आणा, रक्त दिल्यावर खा. त्यांनी वाळलं गवत एका डब्यात दाबून भरलं, झाकणावर पांढरी पट्टी चिकटवली आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'तपासणीनंतर'. यजमानांनी ते वाचलं आणि झाकण नीट बसलंय का ते दाबून बघितलं. त्यांना या विषयात बोलायला तोंडच नव्हतं. त्यांना साखर होती, दर तीन महिन्यांनी बाई घरीच त्यांचं रक्त घ्यायच्या, आणि दर तीन महिन्यांनी यजमान उपाशी राहायची शपथ घेऊन पहाटे काहीतरी तोंडात टाकायचेच. एकदा तर बाटलीतल्या खडीसाखरेची पातळी उतरली होती, पण हा गृहस्थ म्हणतो, मुंग्या! "मुंग्यांनी झाकण फिरवून लावलं होय?" बाईंनी विचारलं होतं. भूक लागली की माणसाचा चेहरा कसा लहान होतो गं, असं त्यावर त्यांचं उत्तर. हे काय उत्तर झालं का?

शुक्रवारी रात्री नऊ वाजता बाईंनी शिक्क्यासमोरचं गवत उचललं. पाण्याचं भांडं ठेवलं, पाणी चालतं. तो आला, जिथं गवत असायचं त्या जागेला नाक लावलं, मग बाईंच्या पावलाला लावलं, आणि मागच्या दोन पायांवर उभा राहिला, पुढचे पाय छातीशी धरून. "नाही म्हणजे नाही," बाई म्हणाल्या. "अगं, राहू दे की थोडं. त्याला काय कळतंय," यजमान कोपऱ्यातून म्हणाले. "तुम्हाला तरी कुठं कळतं!" बाईंनी त्यांना तिथंच गप्प केलं. आणि स्वतःचं ताटही झाकून ठेवलं. आपल्या हाताखाली कुणी उपाशी असलं की बाईंच्या घशाखाली घास उतरत नसे. प्रयोगशाळेतल्या साठ माणसांसाठी असं करता येत नाही, पण घरातल्यासाठी त्या करायच्या. यजमानांच्या तपासणीच्या आदल्या रात्री ते खडीसाखरेकडं बघत, आणि या खऱ्याखुऱ्या उपाशी झोपत. का, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, की पोटाला आराम.

आईच्या मांडीचं हाड मोडलं त्याला नऊ वर्षं झाली. न्हाणीघरात पाय घसरला, एवढंच. मोठ्या इस्पितळात नेलं, सकाळी नऊला ऑपरेशन ठरलं, आदल्या रात्री नऊपासून काही द्यायचं नाही. खाटेच्या दांडीला पुठ्ठ्याची एक पाटी दोऱ्यानं अडकवली होती, 'उपाशी'. अक्षरं पुसट झालेली, कितीजणांच्या खाटांवरून फिरून आलेली. बाईंनी पर्समधलं पेन काढलं आणि ती तीन अक्षरं गिरवून ठळक केली, कुणी चुकून चहा देऊ नये म्हणून. नऊचे अकरा झाले, अकराचे दीड. आता नेतो, मग नेतो. कुठं अपघात झाला होता, त्यांची माणसं आधी आत गेली. आईचे ओठ कोरडे पडले होते. "अगं, घोटभर दूध दे ना. साखर घालून," ती म्हणाली. साखरेशिवाय दूध म्हणजे आईला शिक्षाच वाटायची. दोन चमचे घातले तरी पेला परत पुढं करायची, अजून एक, म्हणून, अगदी लहान पोरासारखी. "थोडं थांब आई, एकदा झालं की पोटभर देते," बाई म्हणाल्या. असं त्या तीनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा जरा चिडूनच म्हणाल्या. मग खाली चौकशीला गेल्या, जिन्यानं वर आल्या, परत गेल्या. पाच वाजता आई म्हणाली, दम लागतोय, आणि सिस्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. पायातल्या शिरेत धरलेली गुठळी फुप्फुसात गेली, कुणाच्या हातात काही नव्हतं. कागद बाईंनी स्वतः वाचला होता, त्यांना त्यातला शब्द न् शब्द कळत होता, आणि गुठळीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण रात्री नऊ ते संध्याकाळी पाच, वीस तास. चिडून म्हटलेलं ते तिसरं 'थांब'. आई उपाशी गेली. ही गोष्ट त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नाही. यजमानही त्या दिवशी तिथंच होते, खाटेशेजारच्या स्टुलावर दिवसभर बसून. पण तो विषय निघाला की ते चप्पल घालून खाली जात, अजूनही जातात. पुरुषांना असलं सहन होत नाही, अशी बाईंची समजूत.

शनिवारी उजाडायच्या आधी बाईंना जाग आली ती फ्रिजच्या दाराच्या आवाजानं. मग पिशवीची चुरचुर, मग चोरपावलं. आज तुमची तपासणी नाही, आज कसली चोरी, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण डोळ्यांवर झोप होती. सोमवारी साखर बघतेच तुमची, असं ठरवून त्या कुशीवर वळल्या. साडेसातला उठून त्यांनी चिमट्यानं लेंड्या उचलल्या, गोल, कोरड्या, भरपूर, आणि प्रयोगशाळेतून आणलेल्या झाकणाच्या डबीत भरून वर नाव, तारीख, वेळ लिहिली. शिक्का शांत होता, गवत मागायलाही आला नाही. कालपर्यंत दोन पायांवर उभा राहणारा हा, आज कोपऱ्यात पसरून डोळे मिटतोय. दुखणं वाढलं की काय? टॅक्सीत त्या पेटी मांडीवर घेऊन बसल्या आणि भोकातून एक बोट आत घालून ठेवलं. बोटाला त्याचा श्वास लागत होता तोवर ठीक होतं. यजमान पुढं बसले होते आणि एकदाही मागं वळून बघत नव्हते.

डॉक्टरीणबाई तरुण होती, मुलीच्याच वयाची, बाह्या दुमडलेली, आणि तिच्या टेबलावर घसरू नये म्हणून खरखरीत चटई होती, हे बाईंनी आधी बघून घेतलं. तिनं पेटी बघून "कुठून घेतली हो ही?" असं विचारलं तेव्हा यजमान पाऊण इंचानं उंच झाले. डबीवरचं लेबल बघून ती म्हणाली, "काकू, सगळे पेशंट असे आले तर काय हवं." बाईंना जरा धीर आला. आणि मग तिनं, हात पुसता पुसता, सहज विचारलं, "शेवटचं कधी खाल्लं यानं?"

"काल रात्री नऊला," बाई ताठ बसून म्हणाल्या. "तेरा तास होऊन गेले. पूर्ण उपाशी आहे. फक्त पाणी."

डॉक्टरीणबाईचा हात थांबला. चष्मा नव्हता तिला, पण नजर तीच होती. "उपाशी का ठेवलंत?" तिनं विचारलं.

"तपासणी आहे म्हणून." बाईंना प्रश्नच समजला नाही. "रक्त काढायचं असेल तर... रिकाम्या पोटी..."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

कुणी सांगितलं? एकतीस वर्षं बाईच तर सांगत होत्या.

"काकू, सशाला उपाशी कधीच ठेवायचं नाही," ती अगदी हळू म्हणाली. "त्याचं पोट सारखं चालू लागतं. थांबलं की आतडी थांबतात, गॅस धरतो, आणि मग परत चालू करणं फार अवघड. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा आम्ही त्याला खायला देतो. ससा उलटी करूच शकत नाही, त्यामुळं भुलीत उलटी होईल ही भीतीच नसते." तिनं नळी कानाला लावली आणि शिक्क्याच्या पोटावर टेकवली. एका बाजूला. दुसऱ्या बाजूला. बाईंना खोलीतलं काही ऐकू येईना. त्यांना पुठ्ठ्यावरची ती तीन अक्षरं दिसत होती, स्वतःच्या पेनानं ठळक केलेली. परत तेच केलं मी, परत तेच, हात जोडून मागत होता आणि मी म्हटलं नाही म्हणजे नाही. समोरच्या भिंतीवर कुत्र्यांच्या जातींचा तक्ता होता आणि बाई त्यातल्या एका केसाळ कुत्र्याकडं बघत राहिल्या, डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून.

"गंमतच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पोट तर झकास चाललंय. लेंड्याही उत्तम." तिनं शिक्क्याचे ओठ बाजूला करून आत उजेड टाकला. पुढचे दात, मग एक बारीक नळी घालून मागच्या दाढा. मग चिमटा घेतला, आतून काहीतरी ओढलं आणि पांढऱ्या रुमालावर ठेवलं. कोथिंबिरीची काडी होती. अजून हिरवीगार, तिला अर्धं पानसुद्धा होतं.

यजमान छताकडं बघत होते. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं, एक पंखा होता, तोही बंद.

"अहो," बाई म्हणाल्या.

"साडेपाचला," यजमान पंख्याला म्हणाले. "अर्धी जुडी. आणि गवत दिलं थोडं. म्हणजे, पोटभरच दिलं. तू झोपल्यावर रात्रीही दिलं होतं मूठभर." मग त्यांनी मान खाली घातली. "दोन पायांवर उभा राहिला गं तो माझ्यासमोर."

डॉक्टरीणबाई हसायला लागली ती थांबेचना. काका जिंकले म्हणाली. दाढा सरळ आहेत, हृदय ठणठणीत आहे, नखं तेवढी कापू, आणि रक्त काढायची काही गरज नाही म्हणाली. मग बाईंनी ते दात वाजवण्याचं विचारलं. मांडीवर बसला की कर कर कर. अगदी बारीक? हो. डोळे अर्धे मिटून? हो. "अहो काकू, तो खूश असला की तसं करतो. मांजर घुरघुरतं ना, तसं. दुखत असतं तर आवाज मोठा आला असता आणि तो तुमच्याजवळ आलाच नसता." दोन आठवडे ज्या आवाजानं बाईंची झोप उडवली होती, तो आवाज म्हणजे या बाईची मांडी मला आवडते, एवढंच होतं! सुटले, असं त्यांना वाटलं.

बाहेर झाडाखाली एक बाक होता. टॅक्सी मागवायची म्हणून बसले आणि मागवायची दोघांनाही घाई नव्हती. बाईंनी पेटी मध्ये ठेवली, डबा काढला, 'तपासणीनंतर' वाचलं आणि झाकण उघडून गवत आत सरकवलं. आत लगेच चर्वण सुरू झालं.

"मला सांगायचं नाही?" बाई म्हणाल्या.

"तू ओरडली असतीस."

"ओरडले असतेच."

"मग!" यजमान म्हणाले. ते अंगठ्याचं नख खरवडत होते, तिथं वाळलेली खळ असल्यासारखं, पण आता तिथं खळ नव्हती. "माझ्यानं उपाशी तोंड बघवत नाही गं. तेव्हाही नाही बघवलं."

"तेव्हा म्हणजे कधी?"

यजमान उठले. त्यांच्या पायात चपला होत्याच आणि समोर रस्ता होता. पण ते एक पाऊल जाऊन परत आले आणि बाकाच्या टोकाला बसले. "तू चौकशीला खाली गेली होतीस तेव्हा," ते म्हणाले. "तुझ्या आईंना. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, तिला सांगू नका, पण घोटभर द्या. मी खालून कपात आणलं, दुसऱ्या जिन्यानं. ती पाटी मी उलटी करून ठेवली, वाचवेना म्हणून." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "आणि मग तासाभरात ते तसं झालं. नऊ वर्षं मला वाटतंय, की त्या दुधानंच... तुला सांगणार कसं? तुला तर सगळं कळतं."

बाईंना सगळं कळत होतं खरंच. आधी त्यांच्या डोळ्यांसमोर जे आलं ते भयंकर होतं. भरल्या पोटी आईला भूल दिली असती तर? काय वेड्यासारखं केलंत, असं ओरडायला त्यांनी श्वासही घेतला. पण आईला आत नेलंच नव्हतं. भूल दिलीच नव्हती. गुठळी पायातली होती, दूध पोटातलं. "नाही हो!" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, की कुत्रा घेऊन आत चाललेली एक बाई वळून बघायला लागली. "त्याचा याच्याशी काही संबंध नाही. काही म्हणजे काही नाही. मी कागद वाचलाय, पायातली गुठळी होती ती. नऊ वर्षं हे घेऊन बसलात? एकदा विचारायचं नाही मला?"

यजमानांनी मान हलवली, आणि मग ती बराच वेळ हलवतच राहिले. त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा मात्र एकदम तरुण दिसत होता.

"किती प्यायली?" बाईंनी विचारलं.

"अर्धा कप. जास्तच. कोमट होतं, मी फुंकर घालून दिलं."

"साखर?"

"दोन चमचे घातले होते. त्या म्हणाल्या, अजून एक."

ही गोष्ट कुणाला बनवून सांगता आली नसती. आई कप पुढं करताना कशी दिसत असेल, ते त्यांना लख्ख दिसलं.

"मग?"

"घातला की."

"शिगोशीग?"

"शिगोशीग," यजमान म्हणाले. "सांडला थोडा चादरीवर."

बाई रडल्या, आणि रडता रडता त्यांना हसूही आलं, आणि कोणतं आधी थांबवावं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही चालू दिलं. पेटीतला चर्वणाचा आवाज थांबला होता. आता कर कर कर असं काहीतरी अगदी बारीक ऐकू येत होतं. त्यांनी भोकातून बोट आत घातलं. मग पर्समधून बिस्किटांचा पुडा काढला, नखानं फोडला, एक बिस्कीट यजमानांच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "खा. साखर सोमवारी बघू." दुसरं त्यांनी स्वतःच्या तोंडात घातलं. काल रात्रीपासून त्यांच्या पोटात काही गेलं नव्हतं.